अख्ख्या हॉलला एक बिल्ला

माझी मुलगी हल्ली माझ्याशी भांडत नाही, आणि त्या काळजीनं माझी झोप उडाली आहे.

शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, मुलगी भांडत नाही म्हणून रडणारी आई मी पहिल्यांदाच बघतेय, माझ्या दोन्ही घेऊन जा. पण मी माझ्या मुलीला ओळखते. फोनवर मी "स्वेटर घाल" म्हटलं की "आई, मी नर्स आहे, मला थंडी कळते" असं ती फणकाऱ्यानं म्हणायची. सर्दीवर मी एखादा घरगुती उपाय सुचवला तर त्याची चिरफाड करून मगच फोन ठेवायची. आता म्हणते, "बरं." जेवलीस का? हो. झोप लागते का? हो. खोकला कसला? धुळीचा. मग ऐकू येतो तो नुसता तिच्या खोलीतला रेडिओ. पूर्वी माझा फोन आला की ती रेडिओ बंद करायची.

इथल्या हॉस्पिटलची मेट्रन माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे. तिच्याकडे बाळंतिणींच्या वॉर्डात एक जागा रिकामी झाली आहे आणि ती तिनं माझ्या मुलीसाठी धरून ठेवली आहे. उद्या सकाळी तिला वर नाव कळवायचं आहे. मुलगी म्हणते, आई, तू ठरव. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. लिहिल्याशिवाय माझं डोकं सरळ चालत नाही. हे केव्हाचे झोपले. यांचं एक बरं आहे, उशीला डोकं टेकलं की जगाशी संबंध संपला.

माझी मुलगी वस्तीतली नर्स आहे. हे लोकांना समजावून सांगताना माझी नेहमी फजिती होते. कुठल्या हॉस्पिटलात, असं विचारतात. कुठल्याच नाही, म्हटलं की चेहरे पडतात. माणूस आजारी पडल्यावर हॉस्पिटलात येतो, तो पडूच नये म्हणून ही त्याच्या दारात जाते, असं मी पाठ केल्यासारखं सांगते. तिच्या आत्यानं एकदा सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे घरोघर जाऊन लोकांना शहाणपण सांगायचं? ते तर मी जन्मभर फुकट करतेय." मुलगी तेव्हा पोट धरून हसली होती. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला पगारी आत्या म्हणवून घ्यायची.

तिचं केंद्र म्हणजे पूर्वीचं टायर दुरुस्तीचं दुकान. जमिनीवर काळी वर्तुळं आहेत, ती कशानंही निघत नाहीत. समोर मोठा रस्ता. रस्त्याच्या पलीकडे लिफ्टच्या इमारती, अलीकडे एकाला एक चिकटलेल्या खोल्यांच्या रांगा. दोन्हीकडची माणसं एकाच थांब्यावर बस पकडतात. नोकरी लागली त्या वर्षी ती मला म्हणाली होती, आई, इथं एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना माणसं वेगवेगळ्या वयात म्हातारी होतात. मला ते कॉलेजातल्या भाषणासारखं वाटलं होतं. मागच्या आठवड्यात तिच्याकडे राहायला गेले तेव्हा पलीकडे माझ्या वयाच्या बायका रंगीत बूट घालून धावताना पाहिल्या. अलीकडे पाण्याच्या नळाशी वाकून उभ्या असलेल्या एका बाईला माझ्या बरोबरीची समजून मी म्हटलं, गुडघ्यांचं असंच असतं हो, आपलं वय झालं. मुलीनं मला बाजूला ओढलं. ती बाई माझ्या मुलीहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी होती.

वरच्या कचेरीतून केंद्रात लावायला तक्ते येतात. रोज अर्धा तास मोकळ्या हवेत चाला. जेवणात निरनिराळी फळं ठेवा. रांगेतल्या दुकानात फळ म्हणून मिळतं ते बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र, आणि बायका दिवसभर उभ्या असतात, त्यांना चाला काय सांगायचं. ती म्हणायची, हे तक्ते खरं तर पलीकडच्या लिफ्टमध्ये लावले पाहिजेत, तिथं ज्यांना उपयोग होईल अशी माणसं रोज वर-खाली करतात. तरी तिनं ते लावले. वरून आलेलं लावायचं असतं.

त्या रांगांमधल्या बहुतेक बायका गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात कामाला आहेत. थंडगार हॉल, मधून फिरता पट्टा, पट्ट्यावर मटार आणि मक्याचे दाणे, दोन्ही बाजूंना पिशव्या भरणाऱ्या बायका. या बायका केंद्रात एकच तक्रार घेऊन यायच्या. लघवीला जळजळ, कंबरेत कळ, कधी थंडी वाजून ताप. गोळ्या न्यायच्या, बऱ्या व्हायच्या, महिन्यानं पुन्हा दारात. माझ्या मुलीनं विचारलं, पाणी किती पिता? त्या एकमेकींकडे बघून हसल्या.

पाणी न पिणं ही त्या हॉलमधली कला आहे. जुन्या बायका नव्या मुलींना ती शिकवतात. सकाळी चूळ भरायची आणि थुंकायची. चहा नाही म्हणायचा. त्याला त्या 'कोरडं राहणं' म्हणतात. एखादी नवी मुलगी पहिल्याच आठवड्यात कामाची पूर्ण पाळी कोरडी राहिली की कौतुकानं म्हणतात, पोरगी टिकणार.

मग माझ्या मुलीनं तिला शिक्षणात जे शिकवलं होतं तेच केलं. प्रत्येकीला बाटली आणायला सांगितली आणि तिच्यावर नेलपेंटनं रेघा मारल्या. पहिल्या घंटेपर्यंत ह्या रेघेपर्यंत, जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या. बायकांना ते आवडलं, खरं तर त्यांना ती आवडत होती. संध्याकाळी बसमध्ये एकमेकींच्या बाटल्या तपासायच्या. तिला 'पाणीवाली' म्हणायला लागल्या. तेव्हा तिचे फोन कसे यायचे! दुकानदाराकडचं लाल नेलपेंट संपलं, आता जांभळ्या रेघा चालू आहेत, आई, तू येताना आण. जळजळीच्या तक्रारी खरंच कमी झाल्या होत्या. मी मैत्रिणींना फुशारकीनं सांगत सुटले.

तिनं हॉल आतून पाहिला नव्हता. तिथं मुकादमाच्या टेबलाशेजारी खिळ्याला पत्र्याचा एक बिल्ला टांगलेला असतो. जिला लघवीला जायचं असेल तिनं तो गळ्यात अडकवून जायचं. अख्ख्या हॉलला एक बिल्ला. ती परत येऊन तो खिळ्याला अडकवेपर्यंत दुसरीनं जायचं नाही. जाणं म्हणजे हातमोजे काढा, ॲप्रन काढा, गमबूट काढा, स्वेटरवर स्वेटर सावरत अंगण ओलांडा, परत येऊन सगळं पुन्हा चढवा. त्यात थंडीत उभं राहिलं की माणसाला मुळातच जास्त वेळा जावं लागतं. बिल्ल्याबद्दल तिला कोणी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. घराला दार असतं हे कोणी पाहुण्याला सांगत नाही.

सगळा हॉल पाणी प्यायला लागला आणि बिल्ला खिळ्यावर दिसेनासा झाला. बायका एकमेकींवर खेकसायला लागल्या, तुला काय तिथं घर बांधायचंय का. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवणाऱ्या दोघी बोलेनाशा झाल्या. पट्टा मागं पडू लागला तसा मुकादम ओरडू लागला. आणि एक दिवस एक बाई बिल्ल्याविना गेली.

तिला सगळ्या 'इंजिन' म्हणतात. हात असे चालतात की मुकादम पट्ट्याचा वेग तिच्याकडे बघून ठरवायचा, आणि त्यापायी बाकीच्या तिला शिव्या द्यायच्या. तिला वाटलं, आपल्याशिवाय यांचं पान हलत नाही, आपल्याला कोण बोलणार. दुसऱ्या दिवशी तिला गेटवरूनच परत पाठवलं.

त्यानंतर रांगांमधली दारं मिटली. मी तिथं गेले ती त्याच दिवसांत. केंद्रावर कोणी येईना म्हणून मुलगी रोज घरोघर जात होती, आणि मी हट्टानं तिच्याबरोबर. खांद्याला बाळांचं वजन करायचा काटा, हातात रक्तदाबाचं यंत्र. तिनं दार वाजवलं की आतल्या टीव्हीचा आवाज खाली जायचा. एका दाराआडून चिमुकला आवाज आला, "आई म्हणते, आई घरी नाहीये." मला हसू आलं. मी तिच्याकडे पाहिलं, ती दारावरच्या रंगाच्या पोपड्याकडे बघत होती. मग तिनं दाराला तोंड लावून सांगितलं, धाकटीची लस राहिली आहे, ती तेवढी चुकवू नका, बाकी माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. आम्ही पुढच्या दाराशी गेलो.

तिची खोली सायकलच्या दुकानावर आहे. खिडकीतून तो रस्ता दिसतो, दोन्ही बाजूंसकट. खोलीत दोन कप आहेत. त्यातल्या दुसऱ्यावर किमतीचं लेबल अजून तसंच होतं. मी चहा करताना ते नखानं खरवडून काढलं आणि कप धुतला. आंघोळीला जाताना ती रेडिओ मोठा करते. कशाला गं, म्हटलं तर म्हणाली, आत आवाज आला की बरं वाटतं.

गप्प बसून राहिली असं नाही. ती कारखान्याच्या मॅनेजरकडे गेली होती. त्यानं चहा पाजला, नियमाप्रमाणे सगळं आहे म्हणाला, नव्या फरशा बसवल्यात, हवं तर बघून या. तिनं विचारलं, तो बिल्ला काढून टाकता येईल का? त्यानं कपात आणखी चहा ओतला आणि ती निघाल्यावर तिच्या साहेबांना फोन केला. साहेब वाईट नाहीत. निवृत्तीला आलेले, तिला लेक म्हणणारे. ते म्हणाले, सिस्टर, आपलं काम सांगणं. पाणी प्या सांगितलंत, छान झालं. पुढचं ज्याचं त्यानं बघावं. ती म्हणाली, सर, मी अर्धंच सांगितलं. त्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, कंत्राटाचं नूतनीकरण जवळ आलंय, एवढं ध्यानात ठेवा.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी इंजिन आली. पलीकडच्या इमारतींमध्ये भांडी घासून परतत होती. हात कोपरापर्यंत ओले. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच उभी राहिली.

"तुम्ही आई का हिच्या?"

मी हो म्हटलं.

"मग विचारा तुमच्या लेकीला, नोकरी गेली माझी, आणि तोंड ही का लपवतेय?"

मुलगी म्हणाली, मी रोज येते तुमच्या रांगेत, दार तुम्ही उघडत नाही.

"उघडून काय करू? तुम्ही परत बाटली काढणार." मग ती माझ्याकडे वळली. "जळजळ थांबली, खोटं कशाला बोलू. पण चूलपण थांबली की हो."

खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता तेवढाच आवाज. इंजिननं हात पदराला पुसले आणि जे सांगायला आली होती ते सांगितलं. पुढच्या सोमवारी बायका मॅनेजरकडे जाणार आहेत. सगळ्या नाही, ज्यांचं धाडस होईल त्या. बिल्ला काढा म्हणायला. पण मॅनेजर पुरुष, मुकादम पुरुष, आणि त्यांच्या टेबलासमोर उभं राहून लघवी हा शब्द काढायला एकीचीही जीभ रेटत नाही.

"आम्ही म्हणणार, साहेब, आम्हाला बरं नसतं. तो म्हणणार, मग घरी बसा. तुम्ही डॉक्टरांच्या भाषेत बोला, नाहीतर साध्या भाषेत बोला, पण तो शब्द त्याच्या तोंडावर म्हणा. बाकीचं आमचं आम्ही बघू."

"आणि तुमची नोकरी?" मुलीनं विचारलं.

"माझी कुठली परत येतेय. पण माझी पोरगी पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये लागणार. तिला मी कोरडं राहायला शिकवू का पाणी प्यायला, ते मला सांगा."

एवढं बोलून ती गेली. खाली उतरताना सायकलवाल्यानं काहीतरी थट्टा केली, तिनं त्याला चोख उत्तर दिलं, तेही ऐकू आलं.

मी म्हणाले, काय उद्धट बाई आहे. तशी माझी मुलगी माझ्यावर उसळली. तुला काय कळतं, तू दोन दिवस आलीस, तिच्या जागी तू असतीस तर खोलीला आग लावली असतीस, आणि आधी तो भाजीचा चमचा खाली ठेव, सगळीकडे थेंब पडतायत. बराच वेळ ती बोलत होती. नर्सनं अशा भानगडीत पडावं का, यावर आम्ही कडाकडा भांडलो. मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस. ती म्हणाली, हात आधीच दाखवून झालाय, आता अवलक्षण तरी नीट करू दे. मग तिनं भरपेट जेवण केलं, तेही भांडत भांडत, आणि रेडिओ लावायचं विसरली. मी अंथरुणावर पडून रागानं धुमसत होते. आज विचार करते तेव्हा वाटतं, गेल्या कित्येक महिन्यांत तिच्या घरात एवढा माणसाचा आवाज झाला नसेल.

मी घरी परतले आणि दोन दिवसांत मैत्रिणीचा फोन आला. कायम नोकरी, पेन्शन, घरापासून बसनं एकच थांबा. मी आनंदानं मुलीला कळवलं. कारखान्याकडे जाऊ नकोस, साहेबांशी वाकडं घेऊ नकोस, अंगाशी येण्याआधी निघून ये, असं सगळं बोलून टाकलं आणि फोन कानापासून जरा लांब धरला. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, मी खूप दमलेय गं. तू ठरव. तू म्हणशील ते मी करीन."

तीस वर्षं मी हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला आसुसले होते. ऐकलं आणि मी नुसतं म्हणाले, स्वेटर घाल.

तिच्या इथल्या खोलीचे पडदे मी धुऊन लावले आहेत. यांना विचारलं तर म्हणाले, येऊ दे की, त्यात विचारायचं काय. खरंच काय आहे विचारायचं? ती संध्याकाळी घरी येईल. गरम जेवेल. तिच्या खोकल्याचा आवाज मला भिंतीपलीकडून येईल, फोनवर कान लावून धुळीचा की छातीचा ते ओळखत बसावं लागणार नाही. मलाही या घरात कोणाशी तरी बोलता येईल. आणि सोमवारी तिथं चार-पाच बायका मॅनेजरच्या टेबलासमोर उभ्या राहतील, म्हणतील, आम्हाला बरं नसतं.

ती इथं आली तरी सोमवार यायचाच. त्या दिवशी ती माझ्यासमोर बसून जेवत असेल आणि मी भाजी वाढू का विचारलं तर म्हणेल, बरं. ते 'बरं' मला टेबलापलीकडून रोज ऐकावं लागेल. फोनवर निदान फोन तरी ठेवता येतो.

दुसरी बाजू मला कळत नाही असं नाही. ती तिथं थांबली, मॅनेजरसमोर तो शब्द बोलली, आणि साहेबांनी कंत्राट संपवलं तर? इथली जागा तोवर दुसरीला गेलेली असेल. तेलही गेलं, तूपही गेलं. मॅनेजर बिल्ला काढेलच असंही नाही. दारं उघडतील असंही नाही. रात्री एकटीच त्या खोलीत बसेल, आणि मी इथं. मला कोणी लिहून देणार आहे का की हे बरोबर आहे? कोणी देणार नाही. साध्या तापालासुद्धा दोन डॉक्टर विचारणारी बाई मी.

पण त्या संध्याकाळी भांडली ती माझी मुलगी होती. फोनवर दमलेय म्हणते तीसुद्धा माझीच आहे, आणि दमलेल्या माणसानं जे दुसऱ्याच्या हातात दिलं ते त्या माणसासाठी सांभाळायचं असतं, स्वतःसाठी नाही. एवढं तरी मला कळायला हवं.

मेट्रनची या आठवड्यात रात्रपाळी आहे. ती जागी असेल. मी सकाळपर्यंत थांबले तर ते धुतलेले पडदे बघीन आणि माझी बुद्धी फिरेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. ती म्हणेल, वेड लागलंय का तुला, अशी जागा पुन्हा येत नाही. म्हणू दे. तिला सांगते की दुसरीचं नाव कळव, माझी मुलगी तिथं कामात आहे. मग सकाळी मुलीला सांगायचं, सोमवारी काय बोलणार ते आधी मला म्हणून दाखव.

चष्मा पुसला. मेट्रनचा नंबर पाठ आहे, तरी बघून लावते.